‘चालेल’ म्हणणारी मुलगी चिडायला लागते तेव्हा

“मॅडम, तुमच्याकडे यायला लागल्यापासून पोरगी जास्तच बिघडून राहिली. आधी तोंडातून शब्द नव्हता. परवा भरलं ताट ढकलून दिलं!” नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या खोलीत त्या माउलीचा आवाज कापत होता. खाण्याचे विकार असलेल्या मुलामुलींचे पालक हे हमखास विचारतात : राग वाढला, म्हणजे आजार वाढला का?

मुलगी 19 वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आजार बुलिमियाचा : एका बैठकीत भरमसाट खायचं, मग ओकून टाकायचं. पहिल्या दिवशी तिनं पाण्याचा ग्लास उचलला तेव्हा बोटांच्या सांध्यांवर घट्टे दिसले, ओकण्यासाठी घशात बोटं घालताना दात लागून लागून झालेले. वारंवार उलट्या झाल्या की रक्तातलं पोटॅशियम घसरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून आधी फिजिशियनकडे पाठवलं, बोलणं नंतर.

बोलायला लागली तेव्हा प्रत्येक गोष्टीवर तिचं एकच उत्तर. कूलर बंद करू? चालेल. पुढचा मंगळवार? चालेल. भाऊ इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तुला मात्र इथंच ठेवलं? “चालेल ना.” हसून म्हणाली.

मी तिला वही दिली. काय खाल्लं ते नको, त्याआधी घरात काय घडलं तेवढं लिही म्हटलं. एका पानावर होतं : ‘बाबा म्हणाले, तुझ्यावर कशाला इतका खर्च. चालेल म्हटलं. रात्री संत्रा बर्फीचा डबा संपवला. मग बाथरूम.’ अशी पानंच्या पानं. राग तिला होताच. घरात त्याला जागा नव्हती.

उपासमारीनं येणारी चिडचिड मात्र वेगळी. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून युद्धावर जायला नकार दिलेली ही माणसं. पण भुकेनं तीही क्षुल्लक गोष्टींवरून भडकू लागली. अशा रागाची कारणं उकरत बसू नये, आधी पोटात नियमित अन्न जावं.

“ताट ढकललं तेव्हा काय झालं होतं?” मी आईला विचारलं. आठवून म्हणाल्या, “आत्या आली होती. म्हणाली, आता बरी भरली दिसतेस.”

मग मला त्या रागाची काळजी वाटली नाही. त्यांना सांगितलं, रागावू द्या, पण जेवण टळू देऊ नका. पंधरा मिनिटांनी शांतपणे ताट पुन्हा वाढा. जेवल्यावर तासभर तिच्याजवळ बसा, गप्पा मारा. वजनावर कुणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवा, मग ती सख्खी नणंद का असेना. आणि रागाच्या भरात जीव द्यायची भाषा आली तर तिला एकटं सोडू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, दवाखान्यात न्या.

पुढच्या मंगळवारी दोघींना समोरासमोर बसवलं. बराच वेळ कुणी बोलेना. मग मुलगी म्हणाली, “मला पुण्याला जायचं होतं. चालेल म्हटलं ते खोटं होतं.”

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “मग तेव्हाच काहून नाही बोलली?”

“तू विचारलंच कुठं?”

दोघींचे आवाज चढले. मी मध्ये पडले नाही.