हार्मोन भरपूर, पण शरीर दाद देत नाही

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. सहा महिन्यांची असल्यापासून तिचं वजन वाढतच गेलं. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) वाढून 11 आलं, थायरॉइडवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी निगेटिव्ह, सोनोग्राफीत थायरॉइड ग्रंथी ठीक. थायरॉक्सिनची गोळी सुरू आहे. पोटावर कातडीखाली खड्यासारखे कडक दाणे हाताला लागतात. सासूबाई म्हणतात, आमच्याकडे सगळेच गुटगुटीत. आणखी काही तपासावं का?
— एक आई, मुलुंड

उत्तर : हो, आणि लांबवू नका. ते दाणे बालरोगतज्ज्ञांना मुद्दाम दाबून पाहायला सांगा. कातडीखाली हाड तयार होतंय अशी शंका घ्यायला हवी. तान्हेपणापासूनचं वजन, अँटीबॉडीशिवाय वाढलेलं टीएसएच आणि असे दाणे एकत्र आले की स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम टाइप 1ए या दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा विचार करावाच लागतो. फुलर ऑलब्राइट यांनी 1942 मध्ये हा आजार मांडला. यात हार्मोन असतं, पण पेशीच्या आत त्याचा निरोप पोचवणारं प्रथिन कमी पडतं, म्हणून शरीर दाद देत नाही.

फसगत होते ती क्रमामुळे. टीएसएच बहुधा सर्वांत आधी वाढतं, कधी जन्मानंतरच्या तपासणीतच. मग पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन) आणि फॉस्फरस चढतं. कॅल्शियम उतरतं ते बऱ्याचदा काही वर्षांनी. त्यामुळे 'कॅल्शियम नॉर्मल' एवढ्यावर समाधान मानू नका.

एकाच वेळच्या रक्तातून कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी, पीटीएच, टीएसएच आणि फ्री टी4 करा. दंडाचा पट्टा फार वेळ आवळला तर कॅल्शियम खोटं जास्त येतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं तर खोटं कमी येतं. फॉस्फरस मुलांच्या रेंजशीच ताडून पाहा. मोठ्यांच्या रेंजने निरोगी मूलही आजारी ठरेल. आणि रक्त देण्याआधी 60,000 युनिटचं व्हिटॅमिन डी स्वतःहून देऊ नका. मुंबईत डीची कमतरता सर्रास आढळते, तिनेही पीटीएच वाढतं. पण तिथे फॉस्फरस सहसा कमी किंवा नॉर्मल असतं. या आजारात मूत्रपिंड चांगलं असूनही फॉस्फरस वाढतं.

या आजाराची हाडांतली खूण म्हणून मूठ वळून चौथ्या-पाचव्या बोटाच्या सांध्याजागी खळगा पडतो का, तेही पाहतात. इतक्या लहान वयात तो दिसेलच असं नाही.

रिपोर्ट घेऊन बालहार्मोनतज्ज्ञांना भेटा. परळला केईएम आणि वाडिया रुग्णालयांत ही सोय आहे. खात्री जीएनएएस या जनुकाच्या तपासणीने होते; निरोप पोचवणारं ते प्रथिन याच जनुकावरून बनतं. दोष आईकडून आला तर हार्मोन दाद देत नाहीत. वडिलांकडून आला तर हाडांच्या खुणा दिसतात, पण हार्मोन साधारण ठीक चालतात. म्हणून तुमचीही तपासणी लागेल.

आजचे आकडे नॉर्मल आले तरी दर सहा महिन्यांनी कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच करत राहा. पुढे कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप) सुरू झालं, तर थायरॉक्सिन आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर ठेवा. ओठांभोवती मुंग्या, हाताला वांब किंवा झटका आला तर थेट कॅज्युअल्टीत जा आणि आधी कॅल्शियम तपासायला सांगा. नाहीतर साधी फिट समजून मुलांवर फिटचेच उपचार होत राहतात.