१६ एक्सचा रायटर असूनही उबुंटूवर एक डीव्हीडी राइट व्हायला पाऊण तास का लागतो?

आधी डीएमए (सीपीयूला मध्ये न घेता ड्राइव्ह आणि मेमरीत थेट डेटा नेण्याची सोय) बंद पडलाय का ते बघा. जुन्या आयडीई (रुंद पट्टीच्या केबलने जोडलेल्या) ड्राइव्हचं दुखणं बहुतेकदा तिथेच असतं. टर्मिनलमध्ये sudo dmesg (डीमेसेज, कर्नलच्या म्हणजे उबुंटूच्या गाभ्याच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवा. ड्राइव्हच्या ओळीत यूडीएमए (डीएमएचाच वेगवान प्रकार) याऐवजी पीआयओ दिसलं, म्हणजे डेटा ओढायचं सगळं ओझं सीपीयूवर पडलंय. केबल ढिली किंवा खराब असली की चुका वाढतात आणि कर्नल आपणहून वेग उतरवतो. केबल बदला, मशीन रीस्टार्ट करा. सोलापुरात लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांची जुनी मशीन माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांत हेच जास्त बघितलंय.

यूडीएमए दिसत असेल तर के-थ्री-बी (K3b) या डिस्क राइट करायच्या प्रोग्राममध्ये राइट चालू असताना ड्राइव्हच्या बफरवर (डेटा तात्पुरता साठवायच्या जागेवर) नजर ठेवा:
- सारखा रिकामा होतोय: डेटा वेळेत पोचत नाही. पेनड्राइव्हवरून थेट राइट करू नका, आधी हार्ड डिस्कवर आयएसओ (पूर्ण डिस्कची एकच फाइल) बनवा.
- भरलेला आहे, तरी वेग कमी: ड्राइव्हनेच त्या डिस्कसाठी कमी वेग निवडलाय. दुसऱ्या कंपनीची डिस्क घालून बघा.

मात्र मशीन यंत्रमागाच्या शेडजवळ असेल तर लेन्सवर सुताची धूळ बसते. तेव्हा सेटिंगला हात लावण्याआधी लेन्स साफ करून घ्या.