हायपरसॉनिक (आवाजाच्या पाचपटीहून वेगवान) विमानात शॉक वेव्ह (हवेचा दाब एकदम चढतो ती पातळ लाट) आदळते त्याच्या जरा पुढेच पत्रा जास्त का तापतो?

कारण शॉकमुळे अंगालगतची मंद हवा (बाउंडरी लेयर) पृष्ठभागापासून सुटते आणि थोडं पुढे जिथे परत येऊन चिकटते, तिथे बाहेरची वेगवान हवा पत्र्याच्या अगदी जवळ दाबली जाते, म्हणून त्या पट्ट्यात उष्णता आजूबाजूपेक्षा कित्येक पट वाढते. एम.टेक.ला शॉक टनेलमध्ये (क्षणभर अतिवेगवान हवा सोडणारी चाचणीची नळी) रॅम्पच्या, म्हणजे उताराच्या मॉडेलवर हेच मोजायचो, त्यावरून सांगतोय. कधी रत्नागिरीकडे गेलात तर भरती लागताना खाडीच्या काठाला उभं राहून बघा, मधलं पाणी अजून समुद्राकडे चाललेलं असतं पण काठालगतच्या पाण्यात जोर नसतो म्हणून ते आधी मागे फिरतं, पाला-कचरा तिथेच गोल गोल फिरत राहतो. बाउंडरी लेयरचंही तसंच, शॉकपाशी दाब एकदम चढतो, तळाच्या हवेला तो पेलवत नाही, ती उलटी फिरते आणि बुडबुडा तयार होतो (उपमा एवढ्यापुरतीच हां, पाणी काही तापत नाही). हे किती भयंकर होऊ शकतं ते अमेरिकेच्या एक्स-१५ या रॉकेट विमानाने ३ ऑक्टोबर १९६७ ला दाखवलं, मॅक ६.७ ला (आवाजाच्या ६.७ पट वेगाला) शॉक एकमेकांना छेदून खालच्या पायलनवर (इंजिन टांगायच्या खांबावर) आदळले आणि त्या धातूला चक्क भोकं पडली, खाली लावलेलं रॅमजेट इंजिनाचं डमी मॉडेलही गळून पडलं. फक्त एक, बाउंडरी लेयर टर्ब्युलंट (खळबळती) असेल तर ती इतक्या सहज सुटत नाही, पण तिच्यात उष्णता मुळातच जास्त असते.