पाळीव जनावरांमुळे पर्यावरणाचं खरंच नुकसान होतं का? मग घरी कुत्रा आणावा की नाही?

गाई-म्हशींमुळे पृथ्वी तापते, कुत्र्या-मांजरांचाही मोठा भार पडतो असं वाचून, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कुत्रा आणणं चुकीचं ठरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी पशुवैद्यक आहे. राहतो पुण्यात, काम दौंड-शिरूर पट्ट्यातल्या गोठ्यांवर. म्हणून आधी गोठ्याबद्दल सांगतो.

नुकसान होतं, यात शंका नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात चारा आंबतो, त्यात मिथेन तयार होतो आणि बहुतेक ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट उष्णता अडवतो. हवेत मात्र तो साधारण १२ वर्षंच टिकतो. माणसामुळे हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंमध्ये पशुपालनाचा वाटा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये १४.५ टक्के धरला होता, २०२३ मध्ये सुमारे १२ टक्के. २०१९ च्या पशुगणनेनुसार आपल्याकडे १९ कोटींहून जास्त गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. त्यामुळे हा प्रश्न फक्त परदेशातला आहे असं म्हणून चालणार नाही.

पण सगळ्या जनावरांना एकाच मापाने मोजलं की हिशेब चुकतो. जास्त दूध देणाऱ्या गाईचा मिथेन लिटरमागे कमी पडतो, कारण नुसतं जगायला लागणारा चारा जास्त लिटरांत वाटला जातो. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरळीकांचनला सुरू केलेल्या बाएफ या संस्थेने संकरित गाय आमच्या भागात घराघरांत पोचवली, त्याचा हा एक फायदाच. मात्र त्या गाईला पेंड, मका, मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा), बारमाही हिरवा चारा लागतो, आणि त्या चाऱ्याला विहिरीचं नाहीतर कालव्याचं पाणी. खिल्लार ही देशी गाय कडब्यावर आणि बांधावरच्या गवतावर निभावते, दूध थोडं देते. उसाचं वाढं किंवा ज्वारीचा कडबा, म्हणजे माणसाच्या खाण्यात न येणारी वस्तू, जनावर खात असेल तर जमिनीवर आणि पाण्यावरचा वेगळा भार फारच कमी.

दुसरा प्रश्न शेणाचा. उकिरड्यात हवा लागत कुजलेलं शेण शेतात गेलं की ते खत. तेच पाण्याने धुऊन खड्ड्यात साचवलं की हवेविना कुजतं आणि पुन्हा मिथेन सोडतं. गोबरगॅस असेल तर तो चुलीला मिळतो. शहराच्या कडेच्या गोठ्यांना शेतच उरलेलं नाही, त्यांचं शेण नाल्यात जातं. मुळा-मुठेतल्या जलपर्णीचा मोठा दोष आपल्या सांडपाण्याचा, पण शेण त्यात भर घालतं.

याच्या अगदी उलट काम धनगर करतात. पीक निघालं की शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतो, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. मेंढ्या धसकटं आणि तण खातात, लेंडीखत जागेवर पडतं, ना पंप लागतो ना टेम्पो. मिथेन त्यांचाही असतोच. तरी सासवड-सुपे भागातली गवताळ माळरानं आणि तिथला लांडगा या कळपांसोबतच टिकलेत. ‘पडीक’ म्हणून ती माळरानं प्लॉटिंगला जाताना पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

आमच्या पेशाने केलेलं एक नुकसान या आकड्यांत कधी येत नाही. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचलं जायचं. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ ९९.९ टक्के संपली. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. मेलोक्सिकॅम हे दुखण्यावरचं दुसरं औषध गिधाडांना सुरक्षित आहे, मी तेच वापरतो. गिधाडं गेल्यावर गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरांवर मोकाट कुत्री पोसली गेली. आता हीच कुत्री माळावर लांडग्यांच्या वाटेत येतात, रोग पसरवतात. पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्धही झालं.

आता तुमचा कुत्रा. अमेरिकेतल्या पशुजन्य अन्नाच्या पर्यावरणीय भारातला २५ ते ३० टक्के वाटा तिथल्या कुत्र्या-मांजरांचा, असा २०१७ चा अभ्यास आहे. तो तिथल्या मांसाहारी पाकीटबंद खाण्याचा हिशेब आहे, भाकरी-अंडं-दहीभात खाणाऱ्या आपल्याकडच्या कुत्र्याला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पाकिटातलंच द्यायचं तर कोरडं द्या. ब्राझीलमधल्या २०२२ च्या अभ्यासात दहा किलोच्या कुत्र्याचा ओल्या खाण्याचा कार्बन भार कोरड्याच्या जवळपास आठपट निघाला.

म्हणून आणा कुत्रा, पण रस्त्यावरचं गावठी पिल्लू आणा आणि वेळेवर नसबंदी करा. तो इथल्या हवेला सरावलेला असतो. जाड केसांच्या थंड प्रदेशातल्या जातीसाठी दिवसभर एसी चालवावा लागतो. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला नेलंत तर साखळी सोडू नका. तिथे मोर, लावे, चंडोल जमिनीवर घरटी करतात. त्याची विष्ठाही उचला. गेंट शहराजवळच्या राखीव रानांत कुत्र्यांमुळे हेक्टरी वर्षाला ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद पडतं, असं बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजलंय. इतक्या खताने माळावरची नाजूक रानफुलं दबतात आणि दांडगं गवत माजतं.

मांजर असेल तर घरातच ठेवा. आणि कुत्र्याऐवजी मत्स्यपेटी घ्यायचा विचार असेल, तर मासे नकोसे झाल्यावर ते दुकानात परत द्या, नदीत किंवा तळ्यात सोडू नका. काच साफ करायला म्हणून घेतलेला सकर मासा आज उजनी धरणात मच्छीमारांची जाळी फाडतोय.