अँसिला क्युबिट वाढवले तर गेट खरंच कमी होतात का?

प्रश्न साताऱ्याच्या एका विद्यार्थ्याचा आहे: क्वांटम कम्प्युटरवरच्या ग्रोव्हरच्या शोध-अल्गोरिदममध्ये ओरॅकल, म्हणजे हव्या त्या उत्तरावर खूण करणारा भाग असतो; माझ्या ओरॅकलमध्ये 8 कंट्रोलचं एक्स गेट आहे (आठही कंट्रोल क्युबिट 1 असतील तरच टार्गेट क्युबिट उलटवणारं), जास्तीचे मदतनीस क्युबिट म्हणजे अँसिला घेतले तर गेट कमी होतील का, आणि किती घ्यावेत?

होतात, आणि भरपूर होतात. कमी क्युबिट म्हणजे चांगलं सर्किट असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी टी गेट (एरर करेक्शनच्या मशीनवर महाग पडणारं मूळ गेट) मोजलेले नसतात.

8 कंट्रोलना 6 स्वच्छ, म्हणजे शून्यावर असलेले अँसिला द्या. पहिल्या दोन कंट्रोलचा टोफोली (दोन कंट्रोलचं एक्स गेट) पहिल्या अँसिलावर, तो अँसिला आणि तिसरा कंट्रोल मिळून दुसऱ्यावर, असं सहाव्यापर्यंत जा. मग सहावा अँसिला आणि आठवा कंट्रोल टार्गेटवर. मग आधीचे सहा टोफोली उलट्या क्रमाने. एकूण 13. अँसिला अजिबात नसतील तर बारेंको आणि सहकाऱ्यांच्या 1995 च्या पद्धतीत गेट कंट्रोलच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातात.

आता खरं दुखणं. सांगलीतल्या एका कॉलेजात प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत अगदी हेच सर्किट होतं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, उत्तर तर टार्गेटवर आलंय, मग तेच सहा टोफोली परत कशाला? 13 चे 7 करा. पोरांनी तिथल्या तिथे उलटा भाग काढला, ट्रुथ टेबल चालवलं, 256 च्या 256 ओळी बरोबर. परीक्षक खूश, आणि मूळ सर्किट ‘अनावश्यक लांब’ म्हणून मार्क कापले.

ट्रुथ टेबल बरोबर येणारच, कारण तिथे इनपुट एका वेळी एकच असतं. ग्रोव्हरमध्ये 256 इनपुट एकत्र असतात आणि न पुसलेले अँसिला त्यांच्याशी गुंतून राहतात. डिफ्यूजन, म्हणजे खुणेच्या उत्तराची शक्यता वाढवणारी ग्रोव्हरची पुढची पायरी, फक्त इनपुटवर चालतं. ज्या इनपुटांचे अँसिला वेगळे, त्यांची वजनं म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड एकमेकांत मिसळत नाहीत. हिशेब करून बघा: पहिल्या फेरीनंतर (ओरॅकल आणि डिफ्यूजन मिळून एक फेरी) खुणेच्या उत्तराची शक्यता साधारण 3.5 टक्के यायला हवी, उलटा भाग काढल्यावर ती 1.3 टक्क्यांवर अडकते. शिवाय दुसऱ्या फेरीला अँसिला स्वच्छ मिळतच नाहीत. नीट सर्किटमध्ये 12 फेऱ्यांत उत्तर जवळजवळ नक्की येतं. गणित करा, उत्तर उतरवून घ्या, गणित उलटं फिरवून कचरा पुसा, हे भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स बेनेटने 1973 मध्येच मांडलंय.

गेट वाचवायचेच असतील तर उलटा भाग कापू नका, स्वस्त करा. साध्या टोफोलीला 7 टी आणि 6 सीनॉट (एका कंट्रोलचं एक्स गेट) लागतात, म्हणजे 13 टोफोलीला 91 टी आणि 78 सीनॉट. बाहेरच्या 12 जागी मार्गोलसचा रिलेटिव्ह फेज टोफोली (उत्तर बरोबर देणारा, पण काही पदांचं चिन्ह म्हणजे फेज बदलणारा) घाला: 4 टी आणि 3 सीनॉट. त्याचा चुकीचा फेज परतीच्या जोडीदाराशी रद्द होतो. मधला एक मात्र पूर्ण टोफोलीच ठेवायचा. बेरीज 55 टी, 42 सीनॉट. अट एवढीच की जाणं-येणं यांच्यामध्ये त्या कंट्रोलवर एच (क्युबिटला 0 आणि 1 दोन्हींत एकत्र ठेवणारं गेट) वगैरे काही लावायचं नाही. लावलंत तर फेज रद्द होत नाही आणि चूक शोधता शोधता रात्र जाते.

त्याहून कमी हवेत तर क्रेग गिडनीची 2018 ची युक्ती. अँसिलावर 4 टीमध्ये अँड काढायचा. पुसताना अँसिलावर एच, मेजरमेंट, आणि 1 आला तरच त्याच्या दोन कंट्रोलमध्ये सीझेड (दोन्ही 1 असतील तर चिन्ह उलटवणारं गेट). पुसण्याला टी शून्य. 6 अँसिलात 24 अधिक 7, म्हणजे 31 टी. सातवा अँसिला दिलात तर 28 टी आणि टार्गेटकडे नुसता एक सीनॉट.

मोकळे क्युबिट नसतील तर सर्किटमधलेच रिकामे बसलेले, कुठल्याही अवस्थेतले क्युबिट उसने घ्या. उसाच्या हंगामात शेजाऱ्याची ट्रॉली त्याच्या मालासकट आणावी आणि माल जसाच्या तसा परत द्यावा, तसं. तेव्हा 13 ऐवजी 24 टोफोली पडतात. आयबीएमच्या किस्किट या क्वांटम सॉफ्टवेअरमध्ये व्ही-चेन (स्वच्छ अँसिलासाठी) आणि व्ही-चेन-डर्टी (उसन्या क्युबिटसाठी) असे दोन्ही मोड आहेत.

तुमचे परीक्षकही ‘उलटा भाग काढा’ म्हणाले तर वाद घालू नका. सगळ्या इनपुटवर एच लावा, ओरॅकल एकदा चालवा आणि अँसिला मोजून दाखवा. सिम्युलेटरवर प्रत्येक शॉटला (एकदा चालवून मोजणं म्हणजे एक शॉट) सगळे शून्य आले पाहिजेत. त्यांच्या सात टोफोलीच्या सर्किटमध्ये साधारण चारातला एक शॉट घाण निघेल. फेजची चूक मात्र यात दिसत नाही, त्यासाठी अँसिला नसलेल्या सर्किटचा उलटा जोडा, परत एच लावा आणि इनपुट शून्यावर येतात का ते बघा. उसना क्युबिट 0, 1 आणि प्लस अशा तिन्ही अवस्थांत सोडून तपासा.

आणि हो, वरचे टीचे आकडे एरर करेक्शनच्या मशीनसाठी आहेत, तिथे टी महाग. आजच्या नॉइजी चिपवर सीनॉट मोजा आणि गिडनीची युक्ती टाळा, कारण मेजरमेंट गेटपेक्षा बराच वेळ खातं आणि तेवढ्यात बाकीचे क्युबिट बिघडतात. आयबीएमच्या हेवी-हेक्स चिपवर एका क्युबिटला जास्तीत जास्त 3 शेजारी असतात. अँसिला लांब पडला तर प्रत्येक स्वॅपला (शेजारच्या दोन क्युबिटची अदलाबदल) 3 सीनॉट जातात आणि सगळी बचत तिथेच संपते. म्हणून किती घ्यावेत याचा आकडा ट्रान्सपाइल केल्यावरच, म्हणजे सर्किट त्या चिपच्या जोडण्यांत बसवल्यावरच ठरवा. लॅपटॉपवर तुमचे 15 क्युबिट (8 कंट्रोल, 6 अँसिला, 1 टार्गेट) सहज चालतील. 30 झाले की नुसत्या स्टेटव्हेक्टरलाच (सगळ्या पदांच्या वजनांची यादी) 16 जीबी लागतात.