लांब बॅरल म्हणजे जास्त ताकद?

तुम्ही विचारलंय, ‘रायफलची नळी (बॅरल) जितकी लांब तितकी गोळी वेगवान आणि रायफल चांगली, हे खरं का?’ पहिला भाग अर्धा खरा आहे, दुसरा साफ खोटा. मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराची यंत्रं-शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) होतो. उभी नोकरी बॅरलला डोळा लावण्यात गेली, तरी याच विषयावर माझा थोरला चुलतभाऊ मला आजही पारावर गप्प करू बघतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दादा इन्फंट्रीतला, म्हणजे पायदळातला, एसएलआर या लष्कराच्या जुन्या रायफलच्या जमान्यातला; तिच्या जागी पुढे इन्सास रायफल आली. यात्रेला सगळे गावी जमलो होतो आणि भरतीची तयारी करणारी पोरं त्याच्याभोवती बसली होती. दादा त्यांना सांगत होता, ‘एसएलआरची नळी लांब, म्हणून तिच्यात जोर. इन्सासची आखूड केली आणि खेळणं झालं.’ मी मध्ये बोललो तर म्हणाला, ‘तू वर्कशॉपवाला. तुला रायफल टेबलावर दिसते, आम्हाला हातात.’ पोरं हसली. ते मला लागलं, आणि अजून लागतं.

आता आकडे बघा. एसएलआरचं बॅरल ५३३ मिलिमीटर, गोळी सेकंदाला साधारण ८४० मीटरने निघते. इन्सासचं बॅरल ४६४ मिलिमीटर, आणि गोळी ९०० मीटरने. म्हणजे सात सेंटिमीटर आखूड बॅरलमधून गोळी जास्त वेगाने जाते! कारण राऊंडच, म्हणजे काडतूसच, वेगळा. एसएलआरची गोळी साडेनऊ ग्रॅमची, इन्सासची चार ग्रॅमची. एसएलआरचा मार जबर असतो हे दादाचं म्हणणं खरंच आहे, इन्सासच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा असते तिच्या गोळीत. पण तो जोर तिच्या ७.६२ मिलिमीटरच्या राऊंडचा आहे. त्याचं श्रेय नळीला द्यायचं कारण नाही.

नळीचा हिशोब करायचा तर राऊंड एकच हवा. रशियाची एकेएम (एके-४७ची सुधारित रायफल) घ्या, बॅरल ४१५ मिलिमीटर, वेग ७१५. तोच राऊंड आरपीके या लाईट मशीनगनमधून मारा, बॅरल ५९०, वेग ७४५. साडेसतरा सेंटिमीटर जास्त लोखंड वागवून मिळाले किती, तर ३० मीटर. शंभर मीटरवर गोळीच्या पडण्यात याने जो फरक पडतो तो बोटाच्या जाडीएवढाही नसतो.

असं का होतं, तर बारूद पेटल्यावर दाब चेंबरजवळच (काडतूस बसतं तिथेच), गोळी जेमतेम हलते तोवर, शिगेला पोचतो. पुढे गोळी सरकते तशी गॅसला जागा वाढते आणि दाब झपाट्याने उतरतो. शेवटच्या दोन-चार इंचांत ढकलणारं बळ थोडंच उरतं, घर्षण मात्र चालूच. पॉइंट टू टू या लहान बोअरच्या रायफलच्या राऊंडमध्ये बारूद इतकी कमी की ४०-४५ सेंटिमीटरच्या पुढे वेग जवळपास वाढतच नाही. पोरांनी नेमबाज स्वप्निल कुसाळेचं नाव काढलं होतं, ऑलिंपिकला त्या रायफलींची नळी एवढी लांब का म्हणून. ५० मीटरच्या त्या स्पर्धेत मॅचचा राऊंड ध्वनीपेक्षा कमीच वेगाने जातो. पुढची लांबी तिथे बॅकसाइट आणि फोरसाइट या नेम धरायच्या दोन खुणांमधलं अंतर वाढवायला आणि तोल साधायला असते.

मग मी ऊस मागवला. एक टिपरू पावणेचार फुटांचं तोडलं, एसएलआरच्या पूर्ण लांबीचं, आणि दुसरं तीन फुटांच्या आत, एकेएवढं. दादाच्याच जीपमध्ये मागच्या बाकावर पोरं बसवली आणि सांगितलं, टिपरू घेऊन उतरा आणि उतरता उतरता मागे वळून नेम धरा. लांब टिपरू कधी हुडाच्या दांडीला अडकलं, कधी शेजारच्याच्या कानावर बसलं. आखूडवाला पोरगा उतरून, वळून, गुडघ्यावर बसलाही होता. काश्मीरमध्ये घराघरातून तपासणी करणाऱ्या जवानांच्या हातात एके का असते, ते त्या पोरांना तिथल्या तिथे कळलं. दादा एवढंच म्हणाला, ‘ऊस काय रिकॉइल मारतो का?’

गोळी सुटताना बसणारा तो मागचा धक्का ऊस नाही मारत, मान्य. उभं राहून नेम धरताना पुढे थोडं वजन असलं तर हात स्थिर राहतो, मझल, म्हणजे नळीचं तोंडही, कमी उचलतं. आखूड बॅरलमधून गॅस जास्त दाबाने बाहेर येतो, त्यामुळे आवाज आणि ज्वाळ वाढते. हे सगळं दादाच्या बाजूने धरा. पण अचूकतेचा लांबीशी तो समजतो तसा संबंध नाही. तेवढ्याच जाडीचं आखूड बॅरल कमी लवतं. रायफलचं ग्रुपिंग विस्कटलं, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्या दूरदूर बसू लागल्या की सगळे नळीच्या लांबीला दोष देतात, मी आधी मझलची कड बघायचो. कापसाचा बोळा कडेवरून गोल फिरवायचा. बारीक खाच असेल तर तिथे कापसाचा एक धागा अडकून राहतो, डोळ्याला काही दिसो न दिसो. गोळी निघताना गॅस त्या खाचेतून एका अंगाने आधी सुटतो आणि गोळीला धक्का देतो. पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, तिरकी ओढणाऱ्यांनी जेवढ्या रायफली बिघडवल्या तेवढ्या आखूड बॅरलने बिघडवल्या नाहीत. हे टेबलावरच दिसतं दादा, हातात घेऊन नाही दिसत.

तेव्हा काम बघून लांबी ठरवा. मोकळ्या माळावर तीन-चारशे मीटरचा मारा असेल तर लांब बॅरल घ्या, गाडी, जिना, झाडी असेल तर आखूड. दुर्बीण लावलेली असेल तर साइटमधल्या अंतराचा फायदाही उरत नाही. वरचे वेग राऊंडच्या बनावटीप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात, आणि मी बोलतोय ते रायफलबद्दल, छऱ्यांच्या बंदुकीबद्दल नाही.

ते मुद्दाम सांगतो, कारण शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची छऱ्यांची बंदूक घेऊन लोक माझ्याकडे येतात, ‘चार इंच कापून द्या, रानात अडकते.’ मी दारातूनच परत पाठवतो. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ६ आहे, त्यासाठीचा परवाना नसताना नळी आखूड करणं हा गुन्हा आहे.