प्लुटोनियमच्या उष्णतेचा हिशोब

प्रश्न : अंतराळयानांना वीज पुरवणारे प्लुटोनियम कसे तयार करतात आणि त्याची शक्ती किती घटेल, हे आधीच कसे काढतात?

उत्तर : हे इंधन म्हणजे प्लुटोनियम-२३८. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत त्यासाठी नेपच्यूनियम-२३७ अणुभट्टीत ठेवतात. न्यूट्रॉन शोषून त्याचे नेपच्यूनियम-२३८ होते आणि ते २.१ दिवसांच्या अर्धायुकालाने (म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणाऱ्या काळाने) बीटा कण सोडत प्लुटोनियम-२३८ मध्ये बदलते. तीन आठवडे, म्हणजे दहा अर्धायुकाल थांबल्यास या मधल्या समस्थानिकाचा (मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रकाराचा) जेमतेम हजारावा अंश उरतो, त्यामुळे हा भाग सोपा आहे. खरी कसरत भट्टीतील मुक्काम ठरवण्याची असते, कारण तो लांबला तर तयार झालेले प्लुटोनियम-२३८ स्वतःच न्यूट्रॉन शोषून प्लुटोनियम-२३९ होऊ लागते आणि इंधनाची शुद्धता घसरते.

प्लुटोनियम-२३८ चा अर्धायुकाल ८७.७ वर्षे असून नव्या समस्थानिकाच्या एका ग्रॅममधून सुमारे ०.५७ वॉट उष्णता निघते. गेलेल्या वर्षांना ८७.७ ने भागावे आणि १/२ चा तितका घात घ्यावा, की इंधनाचा, आणि म्हणून उष्णतेचाही, उरलेला अंश मिळतो. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानांसाठी ५० वर्षांनंतर तो सुमारे ०.६७ येतो. (वर्षाला सरळ एक टक्का घट धरणारे असतात; खरी घट ०.८ टक्के आहे.) वीज मात्र याहून वेगाने घटते, कारण उष्णतेपासून वीज करणारी तापयुग्मेही झिजतात, म्हणूनच प्रक्षेपणावेळी सुमारे ४७० वॉट मिळणाऱ्या प्रत्येक व्हॉयेजरवरील उपकरणे एकेक करून बंद करावी लागली आहेत.